गडग्यावरची पुडी

"का, हाताला मेंदी लावलीय?"

हा प्रश्न त्या कुणालाही विचारायच्या. डॉक्टरांना, शिपायाला, एस.टी.च्या कंडक्टरला, बाळंतिणीच्या नवऱ्याला. उत्तराची वाट बघायची त्यांची पद्धत नव्हती. प्रश्न संपेपर्यंत समोरच्याच्या हातात काहीतरी आलेलं असायचं. पाण्याची बादली, नाहीतर उकळलेल्या सुयांचा डबा, नाहीतर कुणाचं तरी दुपट्यात गुंडाळलेलं मूल. माझ्या हातात दरवर्षी डिसेंबरात काय आलं, ते सांगतो.

मी मूळचा महाडचा. सत्तर सालानंतरची गोष्ट. चोविसाव्या वर्षी पोलादपूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कारकून म्हणून लागलो. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि मधल्या भिंतीपलीकडे सिस्टर मिळाल्या. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तालुक्यात त्यांना कुणी नावानं हाक मारलीच नाही. दवाखान्यात सिस्टर, वाड्यांवर नर्सबाय. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगानं किरकोळ, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाईल असा. नगरकडच्या, ख्रिस्ती. घरी कोण कोण असतं असं विचारलं की म्हणायच्या, "रजिस्टर बघा." म्हणजे बाळंतपणाचं रजिस्टर. पुढे कुणी विचारायच्या भानगडीत पडत नसे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सगळा गाव त्यांना देवमाणूस म्हणतो, आणि देवमाणसाच्या शेजारी राहणं ही काय शिक्षा असते ते फक्त शेजाऱ्याला ठाऊक असतं. पहाटे साडेपाचला मधल्या भिंतीवर उलथन्याचा ठोका पडायचा. एक ठोका म्हणजे बंब पेटवा, माझंही पाणी तापवा. दोन म्हणजे माझं दूध नासलं, तुमचं द्या. तीन म्हणजे बाहेर या. कशाला, ते बाहेर आल्यावर कळायचं.

पहिल्याच डिसेंबरात तीन ठोके पडले.

"भाऊसाहेब, तुम्ही महाडचे ना?"

"हो."

"मग तिथली बेकरीची भट्टी तुमच्या ओळखीची असणार."

होती. आमच्या घराच्या मागच्या गल्लीतच होती. दिवाळीच्या आधी महाडातल्या बायका पीठ, साखर, तूप घेऊन तिथे रांग लावायच्या. पहाटेचे पाव निघाले की भट्टी हळूहळू निवायला लागते, त्या उबेत बेकरीवाले चाचा घरोघरची नानकटाई भाजून द्यायचे. पण डिसेंबरात तिथे कोण जातंय?

"आपण जाणार," सिस्टर म्हणाल्या. "नाताळ आला. मसाल्याची बिस्किटं करायचीत. थोडीशी."

ही थोडीशी बिस्किटं आणायला त्यांनी तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे घासून पुसून ठेवले होते. एकेक डबा पंधरा किलोचा. मी म्हटलं, सिस्टर, माझी रजा शिल्लक नाही. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना विचारून झालंय. मी म्हटलं, माझं जरा अंग मोडून आलंय. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, काही नाही म्हणाल्या, आणि मग तो मेंदीचा प्रश्न विचारला.

एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "बाई, डबे टपावर टाका."

"टपावर धूळ लागते. मांडीवर घेऊ."

एक डबा त्यांच्या मांडीवर, एक माझ्या. पीठ, गूळ, तुपाची बरणी आणि मसाल्याची पिशवी माझ्या पायांत. महाड येईपर्यंत माझ्या दोन्ही मांड्या बधिर झाल्या होत्या, आणि त्या मात्र शेजारच्या बाईला मुलाच्या खोकल्यावर उपाय सांगत होत्या.

खरी मजा भट्टीवर. चाचांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. मैदा नाही, गव्हाचं पीठ. साखर नाही, गूळ. आणि मसाला म्हणजे सुंठ, जायफळ, खसखस, वर मूठ मूठ बाळंतशेपा.

"बाई, गूळ करपतो. साखर घाला."

"साखर बाळंतिणीच्या काय कामाची?"

"मग लाडू वळा ना. बिस्किटं कशाला?"

"नाताळ आहे चाचा. नाताळला लाडू वळतात का कुणी?"

लहानपणी त्यांच्याकडे मिशनच्या आवारात एक भट्टी होती. तिथे त्यांची आई नाताळात मसाल्याची बिस्किटं भाजायची, हे त्यांनी चाचांना सांगितलं, मला नाही. चाचांनी परात पुढे सरकवली. पण त्या शेपांचा वास दुसऱ्या दिवशीच्या पावांना लागला, आणि अर्ध्या महाडानं पाव परत आणले, असं ते पुढे वर्षभर मला ऐकवत होते. जणू मी शेपा घातल्या होत्या.

पीठ सिस्टरनी स्वतः मळलं. लाटलेल्या पोळीवर औषधाच्या बाटलीचं झाकण दाबून गोल पाडायचं काम माझ्याकडे. भाजून निघाली तेव्हा बिस्किटं विटेच्या रंगाची होती. एक खाऊन बघितलं. आधी जायफळ लागलं, मग सुंठेनं घसा तापला, आणि शेवटी थेट लहान बाळाच्या दुपट्याचा वास. मी म्हटलं, सिस्टर, हे बिस्किट आहे की औषध? त्या म्हणाल्या, "दोन्ही. म्हणूनच तर."

आता तुम्हाला वाटेल, झालं, नाताळ झाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली आणि संपलं. तसं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

परत आल्यावर त्यांनी मला रजिस्टर काढायला लावलं. त्या वर्षात ज्या ज्या बाईचं बाळंतपण त्यात नोंदलेलं होतं, तिच्या घरी पाच बिस्किटांची एक पुडी जाणार होती. पुड्या बांधायला त्यांनी काय घ्यावं? माझ्या टेबलावरचे कोरे केसपेपर. सरकारी. मी म्हटलं, सिस्टर, हे स्टॉकला दाखवावे लागतात. त्या म्हणाल्या, दाखवा. प्रत्येक केसपेपरावर नावाच्या जागी त्या बाईचं नाव लिहायच्या, मग त्यात बिस्किटं घालून दोऱ्यानं बांधायच्या.

"जानेवारीपासून वाचा."

मी वाचत गेलो, त्या लिहीत गेल्या. जुलैपाशी आलो तेव्हा एका नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात 'मृत' असं लिहिलं होतं. मी ते नाव गाळून पुढचं वाचलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "थांबा. जुलैतली ती कुठे गेली?"

"सिस्टर, तिचं मूल... शेऱ्यात लिहिलंय ना."

"शेरा मुलाला आहे. बाईला नाही. तिनं नऊ महिने काढले की नाही? वाचा."

मी वाचलं. मनात म्हटलं, बाईंचं डोकं फिरलंय. ज्या घरात मूल गेलं तिथे गोड घेऊन जायचं, म्हणजे जखमेवर मीठ. हे मी उघडही बोललो. त्यांनी पुढचा केसपेपर ओढला.

मग तीन दिवस वाड्या पालथ्या घालायच्या. पंचवीस तारखेला बौद्धवाडीतली निम्मी माणसं महाडला गेलेली असायची, मनुस्मृती जाळली तो त्यांचाही दिवस, म्हणून तिथे चोवीसलाच जायचं. घरोघर चहा. 'नको' म्हणायची सोय नाही. माझ्या खांद्यावर डबा, सिस्टर पुढे, आणि प्रत्येक घरात तोच संवाद.

"बाय, पोराला दात नायत अजून."

"चोखेल. उरलेलं तू खा."

जुलैतलं ते घर उमरठच्या बाजूच्या एका वाडीत होतं. वाडीला जायचं तर आधी एक ओढा लागतो, मग उभा चढ, आणि चढ संपला की दगडांचा गडगा घातलेलं अंगण. घरात म्हातारी सासू आणि सून. मुलगा मुंबईला मिलमध्ये. जुलैत त्या सुनेच्या कळा सुरू झाल्या तेव्हा आमची जीप कशेडी घाटात कोसळलेल्या दरडीपलीकडे अडकलेली होती. सिस्टर चालत निघाल्या आणि ओढ्यापाशी थांबल्या, कारण ओढ्याला माणूसभर पाणी होतं. पलीकडच्या काठावर म्हातारी उभी होती. सकाळपासून दुपारपर्यंत दोघी एकमेकींना दिसत होत्या. पाणी उतरल्यावर सिस्टर वर पोचल्या तेव्हा मूल गेलेलं होतं. सून वाचली.

म्हातारीनं एकच धरून ठेवलं होतं. आम्ही पुडी घेऊन गेलो तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "तवा पऱ्याच्या पल्याड हुबी ऱ्हायलीस. आता कशाला आलीस?"

सिस्टरनी पुडी पुढे केली. म्हातारीनं ती घेतली, दोरा तोडला, आणि पाचही बिस्किटं कुस्करून अंगणात कोंबड्यांपुढे टाकली. आत सून होती. तिचा नुसता पदर दिसला.

उतरताना मी काय काय बोललो असेन ते विचारू नका. सिस्टरचं ऐकून घेऊन झालं, मग म्हणाल्या, "कोंबड्यांनी खाल्लीत ना? वाया नाही गेली."

बाकीच्या घरी पुडी एकदाच जायची, ज्या वर्षीचं बाळंतपण त्या वर्षी. या घरी मात्र दुसऱ्या वर्षीही गेली. म्हातारीनं दार लावून घेतलं. सिस्टरनी पुडी गडग्यावर ठेवली, वर एक दगड ठेवला, आणि परत फिरल्या. तिसऱ्या वर्षीही तेच. मी चिडून विचारलं, "सिस्टर, हे किती वर्षं चालायचं? ती तुमचं तोंड बघत नाही, आणि तुम्ही आपल्या दोन तासांचा चढ चढताय."

तेव्हा पहिल्यांदा त्या नीट बोलल्या. "भाऊसाहेब, ती सून बावीस-तेवीसची आहे. तिला पुन्हा दिवस जाणार. पहिल्या वेळी तिच्या अंगावर सूज होती, मी बघितलीय. पुढच्या वेळी त्यांनी मला वेळेवर बोलावलं पाहिजे. दार बंद असलं तर बोलावणार कशा? त्या दिवशी मी पोचले नाही. म्हणून आता जाते."

हे सगळं खरं होतं. पण खरं बोलणाऱ्या माणसाबरोबर उभा चढ चढताना पाय दुखायचे थांबत नाहीत.

चौथ्या डिसेंबरात सिस्टरना ताप भरला. भट्टीवर जाऊन आल्या आणि अंथरुणाला खिळल्या. भिंतीवर तीन ठोके पडले, तेही अगदी हळू. पुड्या बांधून तयार होत्या.

"तुम्हाला एकट्यालाच जावं लागेल."

मी काही बोलायच्या आत त्यांनी डोळे उघडले. "का, हाताला..."

"जातो," मी म्हटलं.

गेलो. खरं सांगतो, दोन दिवसांत सगळी घरं केली. एकच राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ओढा ओलांडला, निम्मा चढ चढलो, आणि एका आंब्याखाली टेकलो. ऊन होतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. वर जाऊन काय करणार होतो? बंद दार बघायचं, पुडी दगडाखाली ठेवायची, आणि कोंबड्यांसाठी मेजवानी सोडून यायचं. मी पुडीचा दोरा सोडला. कोंबड्यांनी खाण्यापेक्षा माणसानं खाल्लेली काय वाईट, असं म्हणून पाचही बिस्किटं खाल्ली. गोड लागली हो. चार वर्षांत पहिल्यांदा ती मला गोड लागली. केसपेपर फाडून दरीत टाकला आणि खाली उतरलो.

"ठेवली?" सिस्टरनी विचारलं.

"गडग्यावर. वर दगड ठेवून."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि कूस बदलून झोपल्या.

माघात एका दुपारी माझ्या खिडकीशी म्हातारी येऊन उभी राहिली. तिला बघितलं आणि मी रजिस्टरात डोकं घातलं.

"बाय हाय?"

"काय काम आहे?"

"सुनेचं पाय सुजलंत. डोकं दुखतं म्हनते. काल सांजच्याला डोळ्यांम्होरं काजवं आलं."

"कितवा महिना?"

"आठवा लागला."

"आणि सूज कधीपासून आहे?"

"झाला की महिना."

मी खेकसलो. "महिनाभर काय करत होता मग? इथे यायला काय झालं होतं?"

म्हातारीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "औंदा पुडी नाय आली. मी चार दीस गडग्याकडं बघत ऱ्हायले. म्हटलं, बायनं आमचं नाव टाकलं. मग कुठल्या तोंडानं यायचं?"

मला तिच्याकडे बघवेना. मी मान वळवली तर मागे दारात सिस्टर उभ्या. हातात सुयांचा ट्रे. किती वेळ उभ्या होत्या, देवाला माहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, रक्तदाबाच्या यंत्राकडे बघावं तेवढाच वेळ.

मग म्हातारीला म्हणाल्या, "ठेवली होती आजी. कावळ्यानं नेली असेल."

चार वर्षांत मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. पिशवी उचलून त्या बाहेर पडल्या. मीही मागोमाग निघालो. त्या दिवशी त्यांनी मला मेंदीचा प्रश्न विचारला नाही.

वर जाताना म्हातारी माझ्या मागे धापा टाकत बोलत होती. कुणी विचारलं नव्हतं तरी बोलत होती. पहिल्या वर्षी कोंबड्यांना टाकली, मग सून दोन दिवस जेवली नाही. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही वळणाआड गेलो की म्हातारी स्वतः बाहेर येऊन पुडी उचलायची आणि सुनेच्या हातात द्यायची. "ती रडायची नि खायची. खाऊन झालं की कागद घडी करून ठेवायची. तिचं नाव हाय ना त्याच्यावर." मी मान खाली घालून चढत होतो. तो आंबा आला तेव्हा मी तिकडे बघितलं नाही.

घरात सून भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुजून डोळे बारीक झालेले. सिस्टरनी रक्तदाब घेतला आणि लगेच म्हणाल्या, "महाड. आत्ता." वाडीतल्या लोकांनी बांबूला गोधडी बांधून डोली केली. चार खांदे लागणार होते. वाडीत कर्ते पुरुष तीनच, बाकी मुंबईला. चौथा खांदा मी दिला. उतार संपेपर्यंत खांद्याची साल निघाली, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मनात एकच हिशेब चालला होता, पुडी ठेवली असती तर ही सूज महिन्यापूर्वीच दिसली असती. आता ही वाचली नाही तर रजिस्टरात तिचा शेरा मलाच लिहायचा होता.

रस्त्यावर कशेडीकडून उतरणारा एक ट्रक सिस्टरनी आडवं उभं राहून थांबवला. ड्रायव्हर काही बोलायच्या आत त्याच्या मांडीवर सलाईनची बाटली होती.

महाडच्या दवाखान्यात सून आठ दिवस होती. नवव्या दिवशी बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, मुठीत मावेल अशी, पण रडली. आई झटके येता येता वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस गेले असते तर दोघी हाती लागल्या नसत्या. ते सिस्टरना सांगत होते, मी शेजारी उभा होतो.

व्हरांड्यात आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी म्हटलं, "सिस्टर, ती पुडी मी..."

"चहा आणा," त्या म्हणाल्या. "दोन."

आणला. पिऊन झाल्यावर पुन्हा सुरुवात केली. "सिस्टर, डिसेंबरात मी..."

"यात साखर जास्त पडलीय."

बघा आता. माणसानं एखाद्याला किती छळावं? चार शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, डॉक्टरांकडे तक्रार केली असती, तर मी सुटलो असतो. त्यांनी मला सुटू दिलं नाही. भिंतीवरचे ठोके पूर्वीसारखेच चालू राहिले. एक, दोन, तीन. दूध माझंच जायचं. आणि त्या विषयावर एक अक्षर नाही.

जूनमध्ये त्यांची बदली झाली, नगरकडेच. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. तेलाचे दोन्ही डबे त्यांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवले.

"हे मी काय करू?"

"गंजू देऊ नका," म्हणाल्या, आणि एस.टी.त बसल्या. मागे वळून बघायचीही त्यांची पद्धत नव्हती.

मी सहा महिने सुखानं झोपलो. सकाळी सातपर्यंत. दूध माझं मलाच. डिसेंबर आला तेव्हा मनात म्हटलं, सुटलो बाबा. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं.

'भाऊसाहेब, भट्टी सांगून ठेवा. रजिस्टर जानेवारीपासून वाचा. शेरे बघू नका. त्या घरची पुडी गडग्यावर ठेवू नका, हातात द्या.'

बस. कसे आहात नाही, नाताळच्या शुभेच्छा नाहीत. शेवटचं वाक्य मी खिडकीत बसून तीनदा वाचलं. दहा महिने त्यांनी पुडी हा शब्द उच्चारला नव्हता.

मी दोन डबे घेऊन महाडला गेलो. चाचा म्हणाले, "बाई कुठायत?"

"बदली झाली. पीठ तुम्ही मळाल का?"

चाचांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "का? हाताला मेंदी लावलीय?"

मळलं. गूळ जास्त झाला, तूप कमी पडलं, शेपांचा अंदाज चुकला. भट्टी निवायच्या आधीच मी घाई केली आणि निम्मी बिस्किटं करपली. जी बरी होती ती वेगळी काढली, केसपेपरावर नावं लिहिली. जानेवारीपासून वाचलं. त्या वर्षी दोन नावांपुढे शेरा होता. ती गाळली नाहीत. त्या दोन घरी काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की दोन्हीकडे पुडी घेतली.

त्या वाडीवर शेवटी गेलो. आंब्यापाशी टेकलो नाही. गडग्याशी आलो आणि पाय आपोआप थांबले. म्हातारी अंगणात बसली होती, मांडीवर ती मुलगी.

"तितनं काय बघतोस? ये की आत."

आत गेलो आणि पुडी तिच्या हातात दिली. तिनं दोरा सोडला, वास घेतला. "करपलीत."

"हो. मी केलीत या वेळी."

"म्हनून," ती म्हणाली. एक तुकडा तिनं कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी चोच मारून बघितली आणि सोडून दिला. दुसरा तुकडा तिनं मुलीच्या हातात दिला. मुलीनं तो दोन्ही मुठींनी धरून तोंडात घातला आणि चोखायला लागली. दात नव्हते. सून आतून आली, तिनं केसपेपर उचलला आणि नावाकडे बघत राहिली.

"हे बायचं अक्षर नाय."

"नाही. सिस्टरांची बदली झाली. नगरकडे."

सुनेनं कागदाची घडी केली. मग म्हातारी म्हणाली, "तुला लिवता येतं ना? मग लिव तिला. म्हनावं, पुडी पावली. हातात पावली."

"लिहीन."

"लिहीन नाय. आत्ता लिव. माझ्याम्होरं."

ही दुसरी सिस्टर. मी खिशातलं पेन काढलं, डब्यात उरलेल्या एका कोऱ्या केसपेपरावर दोन ओळी लिहिल्या, तिला वाचून दाखवल्या. त्यांच्याखाली मी स्वतःची एक ओळ घातली, ती वाचून दाखवली नाही. 'मागच्या वर्षीची पुडी मी खाल्ली होती.' संध्याकाळी पाकिटात घालून टाकलं.

त्या पत्राचं उत्तर आलं नाही. पुढच्या डिसेंबरात पोस्टकार्डही आलं नाही. मी पंधरा दिवस वाट बघितली. पोस्टमनला दोनदा विचारलं. मनातल्या मनात बाईंना नको नको ते बोललो. शेवटी तेवीस तारखेला पहाटे उठलो, डबे घासले आणि महाडची एस.टी. पकडली.

कंडक्टर म्हणाला, "डबे टपावर टाका."

"नको," मी म्हटलं, "टपावर धूळ लागते. मांडीवर घेतो."